बेटाकॅम डेक संगणकावरून चालवताना

सोनीच्या व्यावसायिक व्हिडिओ डेकच्या, म्हणजे टेप चालवणाऱ्या यंत्राच्या, मागे ‘रिमोट’ असं लिहिलेलं नऊ पिनांचं सॉकेट असतं. ते जुन्या संगणकाच्या सिरियल पोर्टसारखंच दिसतं आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. दोन्हींची संकेत पाठवायची पद्धत वेगळी: संगणकाचा पोर्ट आरएस-२३२, तर डेकचा आरएस-४२२. पहिल्यात एका तारेवरचा व्होल्टेज ग्राउंडच्या (सामाईक तारेच्या) तुलनेत मोजतात, दुसऱ्यात दोन तारांमधला फरक. साधी केबल जोडून डेक हलणार नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे एखाद्या संस्थेच्या कपाटात बेटाकॅम एसपी (सोनीचा जुना व्यावसायिक टेप-प्रकार) कॅसेट पडून असतील आणि त्या उतरवून घ्यायच्या असतील, तर यूएसबी ते आरएस-४२२ कन्व्हर्टर घ्या. त्याची पाठवायची जोडी डेकच्या ३ (अधिक) आणि ८ (उणे) या पिनांना जाते. घ्यायची जोडी ७ (अधिक) आणि २ (उणे) यांना. ग्राउंडसाठी १ किंवा ९. अधिक-उणे उलटं झालं तर काही जळत नाही, पण उत्तरही येत नाही. काही कन्व्हर्टरवर नुसतं ए-बी छापलेलं असतं आणि त्याचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. म्हणून उत्तर आलं नाही तर आधी जोडीतल्या तारा अदलाबदल करून पाहा.

वेग ३८,४०० बॉड, आठ डेटा बिट, एक स्टॉप बिट आणि विषम पॅरिटी (चूक ओळखण्यासाठीचा जादा बिट). बहुतेक प्रोग्रॅम पॅरिटी ‘नाही’ धरून चालतात, तिथेच बरेच जण अडकतात. डेकच्या पुढचं बटणही ‘लोकल’वरून ‘रिमोट’वर हवं.

आज्ञा बाइटांत जातात, इथे ते हेक्साडेसिमल (सोळाच्या पायाच्या) आकड्यांत लिहिलेत. प्ले म्हणजे २० ०१ २१, स्टॉप म्हणजे २० ०० २०. शेवटचा बाइट म्हणजे आधीच्या बाइटांची बेरीज. डेकला पटलं तर १० ०१ ११ असं उत्तर येतं. नाही पटलं तर ११ १२, आणि पुढच्या बाइटात कारण: ०४ असेल तर बेरीज चुकली, १० असेल तर पॅरिटी. टाइमकोड, म्हणजे टेपवर नोंदलेली वेळ, उलट्या क्रमाने येतो. शेवटचा बेरजेचा बाइट सोडला तर ७४ ०४ १२ ४५ ०७ ०१ म्हणजे १ तास, ७ मिनिटं, ४५ सेकंद, १२ फ्रेम. फ्रेमच्या बाइटातले वरचे दोन बिट वेगळ्या खुणांसाठी असतात, ते काढून मगच आकडा वाचा.

डेक ९ मिलिसेकंदांत उत्तर देतो. पण काही यूएसबी चिपा आलेला डेटा १६ मिलिसेकंद धरून ठेवतात, आणि प्रोग्रॅमला वाटतं डेक गप्प आहे. ड्रायव्हरमधला लेटन्सी टायमर १ वर आणा. एका आज्ञेचे बाइट तुकड्यातुकड्याने पाठवू नका. मध्ये १० मिलिसेकंदांहून जास्त खंड पडला की डेक ती आज्ञा नाकारतो.

एवढं जमलं की पुढेमागे करत फिरायचा मोह होतो, पण जुन्या टेपवर तो आवरावा. खानापूर-जांबोटीच्या पावसात राहिलेल्या कॅसेटवर बुरशी असू शकते. पांढुरकी बुरशी दिसली तर ती कॅसेट डेकमध्ये घालूच नका, हेड (टेप वाचणारे भाग) चोंदतील आणि पुढच्या कॅसेटलाही लागण होईल. ‘ह्युमिड’चा (आत ओलावा असल्याचा) दिवा लागला तर डेक चालू ठेवा, टेप घालू नका आणि दिवा विझेपर्यंत थांबा.