टेक्सासची शहरं आपल्याच राज्याच्या राजधानीत लॉबिस्ट का नेमतात?

जुलै २०२५ मध्ये टेक्सासचे गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी विधिमंडळाचं विशेष अधिवेशन बोलावलं. महापुराने नुकतीच मोठी जीवितहानी झाली होती, त्यामुळे पूरसूचना आणि मदत हे विषय पत्रिकेवर असणं साहजिकच होतं. त्याच यादीत एक जुना वादही होता. शहरं, काउंट्या (राज्यातले जिल्ह्यासारखे विभाग), शाळा-जिल्हे अशा स्थानिक संस्थांनी करदात्यांच्या पैशातून लॉबिस्ट, म्हणजे आमदारांपुढे बाजू मांडणारे पगारी प्रतिनिधी, नेमू नयेत, असा कायदा गव्हर्नरना हवा होता. २०१९, २०२१, २०२३ आणि २०२५ या चारही नियमित अधिवेशनांत सिनेटने अशी विधेयकं मंजूर केली होती आणि चारही वेळा ती प्रतिनिधीगृहात अडली होती. विशेष अधिवेशनातही त्यांचा कायदा झाला नाही.

टेक्सासमध्ये वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा कर नाही. त्यामुळे शाळांचा आणि शहरांच्या कारभाराचा मोठा भार मालमत्ता करावर येतो. डॅलसच्या आसपास फ्रिस्को, प्लेनो, आयर्विंग इथे घर घेतलेल्या मराठी कुटुंबांनाही हे बिल दरवर्षी येतं. त्यातले काही पैसे शहर राजधानी ऑस्टिनच्या विधिमंडळात आपली बाजू मांडणाऱ्या माणसाला देतं, हे कळल्यावर आमदार आपणच निवडून दिलेला असताना हा आणखी एक माणूस कशाला, असं कुणालाही वाटेल. या प्रश्नाची मुळं दीडशे वर्षं मागे जातात.

अमेरिकेच्या राज्यघटनेत शहरांचा उल्लेखच नाही. तिच्यात केंद्र आहे, राज्यं आहेत, नागरिक आहेत. मग शहराला अधिकार कुठून मिळतात? १८६८ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश जॉन फॉरेस्ट डिलन यांनी एका रेल्वे कंपनीच्या खटल्यात याचं उत्तर दिलं. शहर हे राज्य विधिमंडळाने निर्माण केलेलं आहे, त्याचे अधिकार विधिमंडळाने दिलेले आहेत, आणि ज्याने निर्माण केलं तो ते मोडूही शकतो. त्या काळी अनेक शहरं रेल्वे आपल्याकडे यावी म्हणून कर्जरोखे काढून बुडत होती. शहरांना मोकळं सोडू नये, या मताला त्या अनुभवाची पार्श्वभूमी होती. ‘डिलनचा नियम’ म्हणून हे तत्त्व देशभर पसरलं.

त्याचा सर्वांत कठोर प्रत्यय पिट्सबर्गला आला. नदीपलीकडचं अ‍ॅलेगनी हे स्वतंत्र शहर पिट्सबर्गमध्ये विलीन करायचं ठरलं. कायद्याने दोन्ही शहरांची मतं एकत्र मोजली. अ‍ॅलेगनीच्या बहुसंख्य मतदारांचा विरोध होता, पण पिट्सबर्गच्या मतांपुढे तो टिकला नाही. १९०७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की राज्य शहराच्या हद्दी, अधिकार आणि मालमत्ता यांत हवा तसा बदल करू शकतं. केंद्रीय राज्यघटना त्याच्या आड येत नाही. आपलं शहर पुसलं जात असताना तिथल्या लोकांकडे दाद मागायला एकच जागा होती, ती म्हणजे राज्याचं विधिमंडळ. माझ्या मते शहरांच्या लॉबिंगचं खरं मूळ या निकालातल्या तर्कात आहे. ज्याच्या हाती सगळं आहे त्याच्या दारात आपला माणूस नसेल, तर शहराला दुसरा आधार उरत नाही.

न्यू यॉर्कने हे आणखी आधी भोगलं होतं. १८५७ मध्ये राज्याने शहराचं पोलीस दल रद्द करून स्वतःच्या नियंत्रणाखालचं मेट्रोपॉलिटन पोलीस दल उभं केलं. महापौर फर्नांडो वुड यांनी जुनं दल बरखास्त करायला नकार दिला आणि जूनमध्ये सिटी हॉलच्या पायऱ्यांवर दोन पोलीस दलं एकमेकांशी दंडुक्यांनी लढली. न्यायालयाने अखेर राज्याचीच बाजू उचलून धरली. वुड यांच्या कारभारावर भ्रष्टाचाराचे आरोप होते, हेही खरं. तरीही आपले पोलीस कुणाचे हुकूम मानणार हे ठरवण्यात त्या शहराच्या मतदारांना काहीच वाव राहिला नाही.

त्याच काळात लॉबिंगची पत अगदीच खालची होती. १८७४ मध्ये ‘ट्रिस्ट विरुद्ध चाइल्ड’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लॉबिंगच्या मोबदल्याचा करार सार्वजनिक हिताविरुद्ध ठरवून त्याची अंमलबजावणी करायला नकार दिला. जॉर्जियाच्या १८७७ च्या राज्यघटनेत तर लॉबिंग हा गुन्हा आहे असं सरळ लिहिलं होतं. १८९० मध्ये मॅसॅच्युसेट्सने वेगळी वाट धरली. बंदी न घालता, लॉबिस्टने नाव नोंदवावं आणि खर्च जाहीर करावा, असा कायदा केला. बंदी की उजेड, हा आज टेक्सासमध्ये चाललेला वाद तेव्हापासूनचा आहे.

टेक्सासमधलं या विषयातलं सर्वांत बोलकं उदाहरण गॅल्व्हस्टनचं आहे. सप्टेंबर १९०० च्या चक्रीवादळात या बंदराच्या शहरात सुमारे आठ हजार माणसं मेली असावीत, असा अंदाज आहे; अमेरिकेच्या इतिहासातली ही सर्वांत प्राणघातक नैसर्गिक आपत्ती. शहर पुन्हा उभारायचं तर जुना कारभार चालणार नाही, असं तिथल्या प्रमुख व्यापाऱ्यांचं मत होतं. पण शहराची सनद, म्हणजे त्याचा कारभार कसा चालावा हे ठरवणारा मूळ दस्तऐवज, बदलण्याचा अधिकार शहराकडे नव्हता. त्यांनी ऑस्टिन गाठलं, विधिमंडळापुढे नव्या सनदेसाठी रदबदली केली आणि १९०१ मध्ये ती मिळवली. त्यातून पाच आयुक्तांची नवी कारभारपद्धती आली, जिचं अनुकरण पुढे देशातल्या शेकडो शहरांनी केलं. सुरुवातीला त्या पाचांपैकी तिघांची नेमणूक गव्हर्नर करणार होते. न्यायालयाने आक्षेप घेतल्यावर १९०३ पासून पाचही जण लोकांनी निवडलेले झाले. त्या व्यापाऱ्यांना कुणी लॉबिस्ट म्हटलं नसेल, पण काम तेच होतं, आणि ते झालं म्हणून शहर उभं राहिलं.

अशा एकेका सनदेसाठी विधिमंडळाचा फार वेळ जात होता. १९१२ मध्ये टेक्सासने घटनादुरुस्ती करून पाच हजारांहून जास्त वस्तीच्या शहरांना आपली सनद स्वतः लिहिण्याचा अधिकार दिला. याला ‘होम रूल’ म्हणतात. यात एक अट होती, आणि पुढचं सगळं तिच्यावरच फिरतं: शहराचा नियम राज्याच्या कायद्याशी विसंगत असता कामा नये. म्हणजे अधिकार मिळाला, पण विधिमंडळ तो केव्हाही कायदा करून काढून घेऊ शकतं. पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, शहरांनी एकत्र येऊन टेक्सास म्युनिसिपल लीग स्थापन केली, ती याच जाणिवेतून.

त्यातच विधिमंडळात शहरांचं वजन मुद्दाम कमी ठेवलेलं होतं. १८७६ च्या राज्यघटनेप्रमाणे कोणत्याही एका काउंटीला एकापेक्षा जास्त सिनेटर मिळत नसे. १९६० मध्ये ह्यूस्टन ज्या हॅरिस काउंटीत येतं तिची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात होती. राज्याची सुमारे ९६ लाख. लोकसंख्येच्या हिशेबाने ३१ पैकी चार सिनेटर तिच्या वाट्याला यायला हवे होते. होता एक. १९६४ च्या ‘रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स’ निकालाने एक माणूस, एक मत हे तत्त्व राज्यांच्या दोन्ही सभागृहांना लागू केलं, तेव्हा हा अन्याय दूर झाला. ‘आमदार आहे ना, मग लॉबिस्ट कशाला’ असं विचारणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानात घ्यावा. शहरांनी राजधानीत आपली माणसं ठेवायची सवय लावून घेतली, तेव्हा आमदारांची वाटणीच त्यांच्याविरुद्ध झुकलेली होती.

प्रत्यक्षात हे काम कसं चालतं? टेक्सासचं विधिमंडळ दर दोन वर्षांनी, विषम वर्षी, फक्त १४० दिवस भरतं. अलीकडे प्रत्येक अधिवेशनात हजारो विधेयकं दाखल होतात. २०२३ मध्ये आठ हजारांहून जास्त होती. अधिवेशनाआधी नगर परिषद ठराव करून आपला अजेंडा ठरवते: काय हवं, कशाला विरोध. मोठ्या शहरांत यासाठी स्वतःचा विभाग असतो आणि शिवाय कंत्राटावर लॉबिस्ट घेतात. लहान शहरं लीगच्या वर्गणीवर भागवतात.

विधेयक शोधणं हेच निम्मं काम आहे. विशिष्ट शहरापुरता कायदा करायला घटनेत अनेक बाबतींत मनाई असल्याने विधेयकात शहराचं नाव येत नाही. ‘अमुक लोकसंख्येपेक्षा मोठं आणि अमुक लोकसंख्येच्या काउंटीत असलेलं शहर’ असं लिहिलेलं असतं. हा आकडा आपल्याला लागू पडतो हे ओळखायला सरावलेली नजर लागते. समितीपुढे सुनावणी झाली की साक्षीदाराला दोन-तीन मिनिटं मिळतात, आणि त्यासाठी कधीकधी मध्यरात्रीपर्यंत ताटकळावं लागतं. महापौरांनी स्वतः जाऊन बोलावं, असं बंदीचे समर्थक सांगतात. अनेक लहान शहरांत महापौरपद बिनपगारी असतं. ती व्यक्ती दिवसा दुकान किंवा दवाखाना चालवत असते. १४० दिवस ऑस्टिनच्या फेऱ्या मारणं तिला कसं जमावं?

ह्यूस्टनच्या पेन्शनचं प्रकरण इथे सांगायलाच हवं. शहराच्या अग्निशमन जवानांना किती पेन्शन मिळेल हे राज्याच्या कायद्यात लिहिलेलं आहे, आणि पैसे शहराने भरायचे आहेत. २०१६ पर्यंत शहराच्या पेन्शन निधींची तूट आठ अब्ज डॉलरांवर गेली होती. महापौर सिल्व्हेस्टर टर्नर हे त्याआधी पाव शतकाहून जास्त काळ प्रतिनिधीगृहात होते. सभागृहाची नस त्यांना ठाऊक होती. २०१७ मध्ये त्यांनी सुधारणेचा कायदा करून घेतला. मग नोव्हेंबरात मतदारांनी एक अब्ज डॉलरच्या पेन्शन रोख्यांना मान्यता दिली. शहराच्या तिजोरीतला एवढा मोठा खर्च शहराबाहेर ठरतो, तेव्हा तिथे बाजू मांडणं ही चैन नव्हे.

२०१० नंतर हवा बदलली. राज्यात रिपब्लिकनांची सत्ता घट्ट होती आणि मोठी शहरं डेमोक्रॅट झाली होती. २०१४ मध्ये डेंटनच्या मतदारांनी शहरहद्दीत फ्रॅकिंगवर (खडकात दाबाने पाणी सोडून तेल-वायू काढण्यावर) बंदी घातली; २०१५ मध्ये विधिमंडळाने तेल-वायू उत्खननाचं नियमन शहरांकडून बहुतांशी काढून घेतलं. २०१६ मध्ये ऑस्टिनच्या मतदारांनी उबर आणि लिफ्ट या अ‍ॅप-टॅक्सी कंपन्यांच्या चालकांना बोटांच्या ठशांवरून तपासणीची अट कायम ठेवली. या कंपन्यांनी प्रचारावर ८० लाख डॉलरांहून जास्त खर्च केला होता. हरल्यावर त्या शहर सोडून गेल्या, विधिमंडळाकडे वळल्या, आणि २०१७ मध्ये हे नियमन राज्याकडे गेलं. २०१९ मध्ये मतदारांना न विचारता मालमत्ता कराचं उत्पन्न वाढवण्याची मर्यादा ८ टक्क्यांवरून ३.५ टक्क्यांवर आली. त्या वर्षीचे प्रतिनिधीगृहाचे सभापती डेनिस बॉनन यांचं एक खासगी संभाषण ध्वनिमुद्रित झालं होतं. ते बाहेर आलं तेव्हा कळलं की हे अधिवेशन शहरांसाठी आणि काउंट्यांसाठी इतिहासातलं सर्वांत वाईट ठरावं, असं आपलं उद्दिष्ट असल्याचं ते बोलले होते. २०२३ च्या कायद्याने तर कामगार, शेती, वित्त, मालमत्ता अशा कितीतरी क्षेत्रांत शहरांचे हात बांधले. ह्यूस्टनने दावा लावला, जिल्हा न्यायाधीशांनी तो कायदा घटनाबाह्य ठरवला, पण जुलै २०२५ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला.

लॉबिस्टबंदीची विधेयकं याच वर्षांत आली, हा योगायोग नाही. तरीही समर्थकांचा एक मुद्दा मला पटतो. करवाढीवर मर्यादा हवी असणाऱ्या नागरिकाच्याच पैशातून त्या मर्यादेविरुद्ध बोलणारा माणूस नेमला जातो, हे त्याला खुपणारच. राज्याच्या स्वतःच्या खात्यांना सरकारी निधीतून लॉबिस्ट नेमायला कायद्याने मनाई आहेच. कंत्राटी लॉबिस्टकडे शहराबरोबर खासगी कंपन्याही ग्राहक म्हणून असतात, तेव्हा त्याची निष्ठा कुठे, हाही रास्त सवाल आहे. शिवाय लॉबिस्टचा मोबदला राज्याच्या नीतिमत्ता आयोगाकडे नोंदला जातो तो आकड्यांच्या टप्प्यांत, त्यामुळे नेमकी बेरीज कुणालाच करता येत नाही.

पण त्यावरचा उपाय २०१९ मध्येच सापडला होता. त्या वर्षीच्या एका कायद्याने स्थानिक संस्थांना लॉबिंगचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवणं बंधनकारक केलं. ही वाट आणखी पुढे न्यावी: कंत्राट उघड सभेत मतदानाला यावं, कोणत्या विधेयकावर शहराने काय भूमिका घेतली ते अधिवेशन संपताच नागरिकांपुढे मांडलं जावं. बंदी घातली तर उबरचा लॉबिस्ट, तेल कंपनीचा लॉबिस्ट, बिल्डरांचा लॉबिस्ट तिथेच राहील. ज्या शहरात ते नियम लागू होणार, तेवढंच गैरहजर असेल.

टेक्सासचं पुढचं नियमित अधिवेशन १२ जानेवारी २०२७ रोजी सुरू होणार आहे. विधेयक पुन्हा आलं, तर त्यातल्या एका कलमाकडे विशेष लक्ष ठेवायला हवं: लॉबिंग करणाऱ्या संघटनांची वर्गणी भरण्यावरची मनाई. ह्यूस्टन किंवा डॅलस आपले पगारी अधिकारी माहिती द्यायला पाठवू शकतील. पण दोन-तीन हजार वस्तीच्या गावाला म्युनिसिपल लीग सोडली तर ऑस्टिनमध्ये दुसरं कुणीच नाही.