१२०च्या रस्त्यावर २१०चा टायर कशाला?

"समृद्धीवरून नागपूरला निघालात? मग हवा चार पॉइंट कमीच ठेवा. उन्हानं फुगते आणि टायर फुटतो." एसयूव्हीचे टायर बदलायला गेलो, तेव्हा दुकानातल्या एका अनुभवी गृहस्थांनी हा सल्ला इतक्या मायेनं दिला की वाद घालवेना. पण सल्ला नेमका उलटा आहे.

आधी टायरची कुंडली वाचू. आमच्या टायरवर लिहिलंय २३५/६५ आर१७ १०४एच. रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ६५ टक्के, रिम १७ इंची. १०४ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ९०० किलो. शेवटचं अक्षर कमाल वेगाचं, ताशी किलोमीटरमध्ये: क्यू १६०, एस १८०, टी १९०, एच २१०, व्ही २४०. (एच हा यू आणि व्हीच्या मधे येतो, वर्णमालेकडे पाहून फसू नका.) समृद्धीची वेगमर्यादाच १२०, मग २१० कशाला, हा प्रश्न रास्त आहे.

हे अक्षर मिळतं प्रयोगशाळेत. नवाकोरा टायर, ठरलेला भार, ठरलेली हवा, आणि फिरत्या ड्रमवर पायरीपायरीनं वाढवलेला वेग. तिथे खरी परीक्षा होते ती उष्णता सोसण्याची.

ही उष्णता येते कुठून? रस्त्याच्या घर्षणातून, असं आपण धरून चालतो. मोठा वाटा असतो तो टायरच्या स्वतःच्या वाकण्याचा. जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो, सुटला की पुन्हा गोल होतो. १२०च्या वेगाला आमचा टायर सेकंदाला साधारण १४ वेळा फिरतो, म्हणजे त्याचा प्रत्येक तुकडा सेकंदात १४ वेळा दबतो आणि सुटतो. रबर वाकवायला लागलेली ऊर्जा ते पूर्ण परत देत नाही, उरलेलीची आतच उष्णता होते.

आता माझा आवडता भाग. सुटलेला तुकडा एकदम शांत होत नाही, त्याची लहर टायरच्या पट्ट्यावरून पुढे सरकते. तंबोऱ्याची तार जितकी ताणलेली, तितकी तिच्यावरची लहर वेगवान. टायरला तो ताण मुख्यतः आतल्या हवेनं मिळतो. गाडीचा वेग या लहरीच्या वेगाला गाठतो, तेव्हा ट्रेडमिलवर धावणाऱ्या माणसासारखी लहर जागच्या जागी उभी राहते. टेकलेल्या जागेच्या मागे टायरवर चक्क सुरकुत्या दिसतात. एकेका फेरीत रबर एकदाऐवजी अनेकदा वाकतं, तापमान झपाट्यानं चढतं आणि अखेर पट्टाच सुटून येतो. हवा कमी म्हणजे ताण कमी, म्हणजे हा घातक वेग अलीकडे सरकला. शिवाय कमी हवेचा टायर साध्या वेगातही जास्त वाकतो. उन्हानं हवा फुगते हे खरंच: २५ अंशांना भरलेले ३३ पॉइंट ५५ अंशांना जेमतेम ३८ होतात. धडधाकट टायर ते सहज पेलतो.

त्यामुळे २१०चं अक्षर म्हणजे २१०ने पळवायची परवानगी नव्हे. भरलेली डिकी, सात माणसं, मे महिना आणि दोन महिने न तपासलेली हवा यांच्यासाठी ती शिल्लक आहे. कंपनीनं दिलंय त्याहून खालचं अक्षर किंवा कमी भाराचा आकडा घेऊ नका. रुबाबदार, जाड खाचांचे ऑल-टेरेन टायर घेताना हे हमखास विसरलं जातं.

नायट्रोजनचं म्हणाल, तर साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच. तापल्यावर तोही तितकाच फुगतो. नव्या चाकाखाली लिंबू चिरडायचं असेल तर खुशाल चिरडा, पण त्याआधी ड्रायव्हरच्या दाराजवळचा स्टिकर बघून, टायर थंड असताना हवा भरा. आणि पैसे देण्यापूर्वी टायरच्या बाजूवरच्या डॉट (DOT) या खुणेपाशी लिहिलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ असेल, तर तुमचा 'नवा' टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात जन्मलाय.