पाणी चढलं की बेट, उतरलं की उकिरडा

कोल्हापूर जिल्ह्यात करवीर तालुक्यातलं चिखली-आंबेवाडी काय किंवा शिरोळच्या नदीकाठची गावं काय, 'बेट' हा शब्द इथे शाळेच्या पुस्तकातून शिकावा लागत नाही. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 च्या जुलैत 56 फुटांच्या. रस्ते बंद, चारी बाजूंनी पाणी. पूर्वी अशा वेळी गुऱ्हाळातली काहिल, म्हणजे उसाचा रस उकळायची मोठी कढई, नाव म्हणून सोडायचे, आता यांत्रिक बोटी येतात. बोटी दिसतात, धरणांतून सोडलेल्या पाण्याचे आकडे दिसतात. पाणी उतरल्यावर गल्लीत जो ढीग लागतो, तो उचलण्याचं नियोजन कुणाचं आणि पैसा कुठल्या खात्यातला, हे सहसा कुणी विचारत नाही.

याचं मूळ उकिरड्यात आहे. शेण, राख, पालापाचोळा, जनावरांनी टाकलेली वैरण हाच गावचा कचरा होता. वर्षभर तो परड्यातल्या उकिरड्यावर कुजायचा आणि उन्हाळ्यात बैलगाडीतून रानात जायचा. कचरा म्हणजे खत, म्हणजे मालमत्ताच. तो उचलायला पंचायतीने पैसे मोजायचे, ही कल्पनाच कुणाला सुचली नसती. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याने स्वच्छतेची जबाबदारी पंचायतीवर टाकली खरी, पण तिचा खर्च घरपट्टीसोबतच्या किरकोळ करातून भागेल असंच सगळ्यांनी धरलं. पुढे पुड्या, पिशव्या, थर्माकोल, डायपर आले. उकिरड्याने ते पचवले नाहीत आणि कराची रक्कम जिथल्या तिथे राहिली.

कायदा आधी शहरांसाठी आला. 1994 मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली, 1996 मध्ये शहरांतल्या कचऱ्याबद्दलची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि त्यातून 2000 चे घनकचरा नियम निघाले. ते नगरपालिका-महापालिकांपुरते. (कोल्हापुरात ते किती पाळले गेले, हे कसबा बावड्यात लाईन बाजारच्या झूम या कचरा प्रकल्पावरचा ढीग पाहिलेल्यांना सांगायला नको.) बाराव्या वित्त आयोगाने 2005 ते 2010 साठी शहरांना 5,000 कोटी दिले, त्यातला निम्मा वाटा घनकचऱ्यासाठी राखायला सांगितला. खेड्यांच्या वाट्याला त्याआधीच, 2000-01 मध्ये, स्पर्धा आली होती. ग्रामविकास मंत्री असताना आर. आर. पाटील यांनी सुरू केलेलं संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान. अभियान चांगलंच होतं, माणसं हातात झाडू घेऊन उतरली. पण बक्षीस आधी गाव झाडल्यावर मिळतं, आणि ट्रॅक्टरला डिझेल दर महिन्याला लागतं.

गावच्या घनकचऱ्याला माणशी ठरलेला दर मिळाला तो स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात, 2020 नंतर. 5,000 पर्यंत वस्ती असेल तर माणशी 60 रुपयांपर्यंत, त्याहून मोठ्या गावाला 45 रुपयांपर्यंत. त्यातला 30 टक्के वाटा पंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा. हिशेब करून पाहा: 5,000 वस्तीला 3 लाख आणि 6,000 वस्तीला 2 लाख 70 हजार. माणसं वाढली आणि रक्कम घटली! शिवाय हा पैसा शेड, खड्डे, गाडी असं एकदाच उभं करायचं त्यासाठी. रोज घंटागाडी फिरवायचा खर्च पंचायतीच्याच गळ्यात.

खरी अडचण जागेची आहे. 2016 च्या घनकचरा नियमांनी सांगितलं, गेल्या 100 वर्षांत जिथे पूर आल्याची नोंद आहे त्या पूरक्षेत्रात कचऱ्याचं भरावस्थळ नको. नियम योग्यच, नाहीतर सगळं नदीत जाईल आणि खालच्या गावाच्या बंधाऱ्याला केंदाळासोबत (जलपर्णीसोबत) अडकेल. पण ज्यांचं गावठाणच लाल पूररेषेच्या, म्हणजे मोठ्या पुराचं पाणी पोचतं त्या हद्दीच्या, आत आहे, त्यांनी गोळा केलेलं ठेवायचं कुठे? समुद्रातल्या बेटावर जमीन संपते म्हणून कचऱ्याला जागा उरत नाही, इथे शेकडो एकर ऊस उभा असताना उरत नाही.

आणि पुराचा कचरा रोजच्यासारखा नसतोच. भिजलेल्या गाद्या, कुजलेली पोती, फुगलेली कपाटं, मेलेली जनावरं, वर वीतभर चिखल. वर्षभराचा माल दोन दिवसांत रस्त्यावर येतो. आपत्ती निधीतून सार्वजनिक जागेतला राडारोडा हलवायला आणि मृत जनावरांची विल्हेवाट लावायला पैसे मिळतात. महाराष्ट्रासाठी त्यात केंद्राचा वाटा 75 टक्के, राज्याचा 25. पण तो पैसा संकटानंतरच्या थोड्या मुदतीपुरता. 2019 मध्ये पाण्यात गेलेल्या घरांना ग्रामीण भागात 10,000 रुपये सानुग्रह मिळाले, त्यातून गादी आली असेल, जुनी गादी टाकायला जागा आली नाही. तेव्हा बाहेरच्या महापालिकांची सफाई पथकं आली आणि ढीग हलले. स्वच्छतेचा आराखडा कोरड्या वर्षाचा आणि आपत्तीचा ओल्या आठवड्याचा, अशा दोन वह्या आजही वेगळ्याच आहेत.

चिखलीकरांना 1989 च्या पुरानंतर पुनर्वसनासाठी सोनतळीला भूखंड मिळाले. काही जण तिकडे राहायला गेले, पुष्कळांची घरं, गोठे आणि म्हशी नदीकाठीच राहिल्या. माणशी दर लावताना डोकी एकदाच मोजतात. गाव दोन ठिकाणी झाडावं लागतं.