महाराष्ट्राचे राज्यसभेतील प्रतिनिधित्व

राज्यसभेत महाराष्ट्राच्या १९ जागा आहेत. उत्तर प्रदेशाच्या ३१ जागांनंतर ही सर्वांत मोठी संख्या आहे. तिसरा क्रमांक तमिळनाडूचा (१८). हे सदस्य जनतेच्या थेट मतदानाने नव्हे, तर विधानसभेच्या निवडून आलेल्या सदस्यांकडून एकल संक्रमणीय मतपद्धतीने (मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो) निवडले जातात. विधान परिषदेच्या आमदारांना या निवडणुकीत मत नसते. राज्यात परिषदेचे ७८ सदस्य असल्यामुळे या बाबतीत बऱ्याचदा गल्लत होते. मतदार म्हणजे विधानसभेचे २८८ आमदारच.

१९ हा आकडा कुठून आला

मूळ राज्यघटनेच्या चौथ्या अनुसूचीत मुंबई राज्याला १७ जागा होत्या. मराठी मुलूख तेव्हा तीन राज्यांत विभागलेला होता. विदर्भ मध्य प्रदेशात होता (१२ जागा), तर मराठवाडा हैदराबाद राज्यात (११ जागा). राज्यसभा ३ एप्रिल १९५२ रोजी अस्तित्वात आली आणि १३ मे रोजी तिची पहिली बैठक झाली. त्या पहिल्या सभागृहात मुंबई राज्यातून गेलेल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्याच वर्षी उत्तर मुंबईतून लोकसभेला त्यांचा पराभव झाला होता. डिसेंबर १९५६ मध्ये निधन झाले तेव्हाही ते राज्यसभेचे सदस्य होते.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र आणि कच्छ मुंबई राज्यात आले आणि द्वैभाषिक मुंबईला २७ जागा मिळाल्या. या वाटपामागे एक ठराविक हिशेब होता: पहिल्या ५० लाख लोकसंख्येपर्यंत दर १० लाखांना एक जागा, त्यापुढे दर २० लाखांना एक, आणि शेवटी उरलेला भाग १० लाखांहून जास्त असेल तर त्यालाही एक. १९५१ च्या जनगणनेनुसार द्वैभाषिकाची लोकसंख्या सुमारे ४ कोटी ८३ लाख होती. पहिल्या ५० लाखांच्या ५ आणि उरलेल्या ४ कोटी ३३ लाखांच्या २२ मिळून २७ होतात.

१ मे १९६० रोजी राज्याची दोन राज्ये झाली तेव्हा हाच हिशेब दोनदा करावा लागला. महाराष्ट्राची १९५१ ची लोकसंख्या ३ कोटी २० लाखांहून किंचित जास्त. ५ आणि १४ मिळून १९. गुजरातची १ कोटी ६३ लाख. ५ आणि ६ मिळून ११. एकूण ३०. म्हणजे माणूस एकही वाढला नाही आणि जागा मात्र तीन वाढल्या, कारण पहिल्या ५० लाखांची सवलत आता दोन राज्यांना मिळाली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या इतिहासात या तीन जागांचा उल्लेख सहसा सापडत नाही. लढा त्यासाठी नव्हताच, पण पदरात पडल्या हे खरे. जुन्या राज्यातले विद्यमान सदस्य पुनर्रचना कायद्याने दोन राज्यांत वाटून दिले गेले आणि रिकाम्या जागा पोटनिवडणुकीने भरण्याची तरतूद झाली.

तेव्हापासून हा आकडा हललेला नाही. दरम्यान विधानसभा २६४ वरून २७० आणि १९७८ पासून २८८ जागांची झाली. लोकसभेतल्या जागा ४४ वरून ४५ आणि १९७७ पासून ४८ झाल्या. राज्यसभेच्या वाटपाचे सूत्र मात्र घटनेत लिहिलेले नाही, अनुसूचीत फक्त आकडे आहेत, आणि जनगणनेनंतर ते आपोआप बदलावेत अशी तरतूदही नाही. तेच सूत्र २०११ च्या ११ कोटी २४ लाखांना लावले तर महाराष्ट्राच्या ५९ जागा होतील. त्याच जनगणनेनुसार राज्याचा एक सदस्य सुमारे ५९ लाख लोकांमागे आहे, तर सिक्कीमचा सुमारे ६ लाखांमागे. अमेरिकेच्या सिनेटमध्ये लहानमोठ्या प्रत्येक राज्याला सरसकट दोन जागा असतात. आपल्याकडे तो मार्ग घेतला गेला नाही, पण लहान राज्यांना झुकते माप आहेच. शेजारच्या गोव्याला १९८७ मध्ये राज्याचा दर्जा मिळाल्यावर एक जागा मिळाली. जागा एकच आणि आमदार ४०, त्यामुळे तिथे २१ मते ज्याच्याकडे, जागा त्याची. दुसऱ्या पक्षाला वाटा मिळण्याचा प्रश्नच येत नाही.

सात, सहा, सहा

राज्यसभा बरखास्त होत नाही. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. १९ ला तीनने भाग जात नाही, म्हणून महाराष्ट्राच्या तीन फेऱ्या ७, ६ आणि ६ जागांच्या आहेत. २०२० मध्ये सात, २०२२ मध्ये सहा, २०२४ मध्ये सहा जागा भरल्या गेल्या. दोन फेऱ्यांची मुदत २ एप्रिलला संपते, एकीची ४ जुलैला.

कोणती फेरी आहे यावर लहान पक्षांचे नशीब ठरते. प्रत्येक वैध मतपत्रिकेचे मूल्य १०० धरतात. एकूण मूल्याला जागांपेक्षा एकाने मोठ्या संख्येने भागून, अपूर्णांक सोडून, एक मिळवला की कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारे मूल्य, निघतो. २८८ मते वैध ठरली तर सहा जागांच्या फेरीत कोटा ४,११५ येतो, म्हणजे व्यवहारात ४२ आमदार. सात जागांच्या फेरीत तो ३,६०१ असतो. ३७ आमदार पुरतात. ३८ आमदारांचा पक्ष एका फेरीत स्वबळावर खासदार पाठवतो आणि दोन वर्षांनी त्याला इतरांच्या दारात उभे राहावे लागते. २०२४ च्या विधानसभा निकालानंतर शिवसेना (उबाठा) २०, काँग्रेस १६ आणि राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) १० अशी ४६ मते तिघांकडे मिळून होती. हा आकडा कोणत्याही फेरीत एकाच जागेपुरता आहे, आणि ती कोणाची यावर तिघांचे एकमत व्हावे लागते.

पोटनिवडणुकीचा हिशेब वेगळा असतो. तिथे मतपत्रिकेचे मूल्य १ असते आणि निम्म्याहून एक मत जास्त लागते. २८८ मतांत १४५. एकाच वेळी दोन जागा रिकाम्या झाल्या तरी त्या निरनिराळ्या फेऱ्यांतल्या असतील तर दोन स्वतंत्र निवडणुका होतात, आणि बहुमतवाला पक्ष दोन्ही घेऊन जातो. २०२४ मध्ये पीयूष गोयल आणि उदयनराजे भोसले लोकसभेवर गेल्याने रिकाम्या झालेल्या जागांवर धैर्यशील पाटील आणि नितीन पाटील असेच बिनविरोध आले. पोटनिवडणुकीतून आलेल्याला पूर्ण सहा वर्षे मिळत नाहीत, उरलेलीच मुदत मिळते. त्याच वर्षी प्रफुल्ल पटेल यांनी २०२२ ची जागा सोडून नव्या फेरीतून पूर्ण मुदत घेतली आणि मोकळ्या जागेवर सुनेत्रा पवार निवडून गेल्या.

अर्जापासून मतपेटीपर्यंत

उमेदवाराचे वय किमान ३० वर्षे असावे लागते. अर्जावर दहा आमदार सूचक लागतात; अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ५,०००. निवडणूक निर्णय अधिकारी विधिमंडळ सचिवालयातला वरिष्ठ अधिकारी असतो. माघारीची मुदत संपेपर्यंत जागांइतकेच अर्ज उरले तर सगळे बिनविरोध. महाराष्ट्रात हेच जास्त वेळा घडते, आणि त्यामुळे आमदारांनाही मतदानाचा सराव उरत नाही. मतदान झालेच तर मुंबईच्या विधान भवनात होते, त्याआधी पक्ष आपापल्या आमदारांना हॉटेलात ठेवून नमुना मतपत्रिकेवर धडे देतात.

पसंतीक्रम अधिकाऱ्याने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेननेच, आकड्यात लिहावा लागतो. अक्षरी ‘एक’, बरोबरची खूण किंवा सही चालत नाही. १ हा आकडा नसेल, दोन नावांपुढे असेल, किंवा मतदार ओळखू येईल अशी काही खूण असेल तर मत बाद. दुसऱ्या पसंतीत चूक झाली तर पहिली टिकते, पण मत तिथून पुढे सरकत नाही.

२००३ च्या दुरुस्तीने मतदान खुले झाले. पक्षाच्या आमदाराने मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी आपल्याच पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवायची असते. दाखवायची, हातात द्यायची नाही, आणि तिसऱ्या कोणाला दिसेल अशी धरायची नाही. दाखवायला नकार दिला तर मतपत्रिका परत घेऊन रद्द करतात. अपक्ष आमदाराने ती कोणालाच दाखवायची नसते. त्याने दाखवली तर मत जाते. पक्षाविरुद्ध मत दिल्याने पक्षांतरबंदी कायद्याखाली आमदारकी जात नाही. पक्ष फार तर शिस्तभंगाची कारवाई करू शकतो. ‘नोटा’चा पर्याय २०१४ पासून या निवडणुकीत होता, तो सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये काढून टाकला.

याच दुरुस्तीने उमेदवार त्या राज्यातला मतदार असण्याची अटही काढली. देशातल्या कोणत्याही मतदारसंघातला मतदार आता उभा राहू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दोन्ही बदल वैध ठरवले. तमिळनाडूचे पी. चिदंबरम २०१६ मध्ये आणि उत्तर प्रदेशचे इम्रान प्रतापगढी २०२२ मध्ये महाराष्ट्रातून गेले ते या वाटेने. बाहेरचा उमेदवार म्हणून दर वेळी ओरड होते. पण ‘राज्यांची सभा’ या नावाशी ही तरतूद कितपत जुळते, हा ओरड करणाऱ्यांचा प्रश्न अगदीच गैरलागू नाही.

१९९८ आणि २०२२

गुप्त मतदानाच्या काळातली सर्वांत गाजलेली निवडणूक १९९८ ची. सहा जागांसाठीच्या त्या लढतीत काँग्रेसची मते फुटली. पक्षाचे अधिकृत उमेदवार राम प्रधान पडले, आणि अपक्ष म्हणून उभे असलेले सुरेश कलमाडी व विजय दर्डा निवडून आले. कोणी कोणाला मत दिले हे गुप्त मतदानात सिद्ध होणे शक्य नव्हते, आणि आरोप पुढे कितीतरी काळ चालू राहिले. मतदान खुले करण्यामागे देशभरातले असेच प्रकार होते.

खुल्या मतदानाने मतफुटी संपली नाही, हिशेब मात्र अधिक बारीक झाला. १० जून २०२२ रोजी सहा जागांसाठी सात उमेदवार होते: भाजपचे तीन आणि महाविकास आघाडीचे (शिवसेना, काँग्रेस, राष्ट्रवादी) चार. एका सदस्याचे निधन झालेले होते. नवाब मलिक आणि अनिल देशमुख कोठडीत असल्याने त्यांना मतदानाची परवानगी मिळाली नाही, कारण लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार तुरुंगातल्या व्यक्तीला मत देता येत नाही (स्थानबद्धता त्याला अपवाद). २८५ जणांनी मत दिले. मतपत्रिका दाखवण्याच्या पद्धतीवर दोन्ही बाजूंनी हरकती घेतल्या आणि मतमोजणी रात्री उशिरापर्यंत थांबली. शेवटी निवडणूक आयोगाने शिवसेनेचे सुहास कांदे यांचे एक मत बाद केले. वैध मते २८४, कोटा ४,०५८.

पहिल्या पसंतीची मते अशी पडली: पीयूष गोयल ४८, अनिल बोंडे ४८, इम्रान प्रतापगढी ४४, प्रफुल्ल पटेल ४३, संजय राऊत ४१, संजय पवार ३३, धनंजय महाडिक २७. पहिले पाच लगेच निवडून आले. राऊतांकडे नेमकी ४१ होती; आणखी एक मत त्यांच्या बाजूचे बाद झाले असते तर तेही मतमोजणीच्या पहिल्या फेरीत अडकले असते. सहाव्या जागेवर ३३ मतांचे पवार पुढे दिसत होते. पण जिंकले भाजपचे महाडिक.

याचे उत्तर शिल्लक मतमूल्याच्या हस्तांतरणात आहे: कोट्यावरचे मूल्य पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जाते. भाजपच्याच गोयल आणि बोंडे यांच्याकडे प्रत्येकी ४,८०० मूल्य होते, म्हणजे कोट्यावर ७४२ जास्त. सर्वांत मोठी शिल्लक आधी वाटली जाते. ७४२ भागिले ४८ म्हणजे १५, अपूर्णांक सोडून. त्या ९६ मतपत्रिकांवर दुसरी पसंती महाडिकांची असेल तर प्रत्येकीमागे त्यांना १५ मिळतात, एकूण १,४४०. स्वतःच्या २,७०० मध्ये ते मिळवले की ४,१४० होतात आणि कोटा पार होतो. महाविकास आघाडीची शिल्लक लहान होती (३४२, २४२ आणि ४२) आणि तिची पाळी नंतर यायची होती. भाजपने पहिल्या दोघांना ४१-४२ वर न थांबवता ४८ दिली, त्यामागे एवढाच हिशेब होता: शिल्लक एकगठ्ठा असावी आणि रांगेत पहिली असावी. भागाकारात प्रत्येकी २२ मूल्य वाया गेले, तेवढे त्यांना परवडले. पक्षाचे स्वतःचे आमदार १०६ आणि तिघांना मिळून पडलेली मते १२३. वरची १७ अपक्ष आणि लहान पक्षांकडून आली. दहा दिवसांनी विधान परिषदेच्या निवडणुकीत पुन्हा मते फुटली, आणि लगोलग एकनाथ शिंदे यांचे बंड उघड झाले.

उपसभापती आणि नामनियुक्त सदस्य

राज्यसभेचे उपसभापतिपद महाराष्ट्राच्या तिघांकडे आले. रिपब्लिकन पक्षाचे भाऊराव खोब्रागडे १९६९ ते १९७२ या काळात, प्रतिभा पाटील १९८६ ते १९८८ मध्ये. नजमा हेपतुल्ला १९८५-८६ मध्ये आणि नंतर १९८८ पासून २००४ पर्यंत त्या पदावर होत्या.

राष्ट्रपतींनी नेमलेले १२ सदस्य राज्याच्या १९ जागांत मोजले जात नाहीत. पां. वा. काणे, धनंजयराव गाडगीळ, लता मंगेशकर, सचिन तेंडुलकर, नरेंद्र जाधव, संभाजीराजे छत्रपती आणि २०२५ मध्ये नेमलेले उज्ज्वल निकम हे या गटातले. यादी करताना त्यांना महाराष्ट्राचे खासदार म्हणून धरण्याची चूक नेहमी होते.