शामन आणि आत्म्यांचे देणेघेणे: रोलप्लेइंग गेममधल्या एका नियमाची पार्श्वभूमी

फँटसी रोलप्लेइंग गेम म्हणजे काल्पनिक पात्रांच्या भूमिका घेऊन, नियम आणि फाशांच्या आधाराने खेळायचा गोष्टीचा खेळ. त्यातला जादूगार मंत्र पाठ करतो, वापरतो आणि मोकळा होतो. आत्म्यांशी संबंध ठेवून त्यांची मदत मिळवणाऱ्या शामनला अशी सुटका नसते. त्याची ताकद दुसऱ्याकडून आलेली असते, त्या दुसऱ्याला स्वतःचे रागलोभ असतात आणि मदत केली की तो मोबदला मागतो. नवस बोलून तो फेडणाऱ्या किंवा कोकणात राखणदाराला गाऱ्हाणे घालणाऱ्या घरातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. खेळांच्या नियमांत मात्र हे देणे यायला बराच काळ गेला.

मूळ शब्द सायबेरियातल्या एवेंकी लोकांचा. सतराव्या शतकात तो रशियन लिखाणातून युरोपात पोचला. (मराठीत ‘शमन’ असेही लिहितात, पण आपल्याकडे शमन म्हणजे शांत करणे, म्हणून इथे ‘शामन’.) एवेंकींमध्ये राहून अभ्यास केलेल्या सेर्गेई शिरोकोगोरोव्ह यांनी १९३५च्या ग्रंथात शामनला आत्म्यांचा स्वामी म्हटले: आत्म्यांना स्वतःच्या इच्छेने अंगात घेणारा आणि ताब्यात ठेवणारा.

दुसरे चित्र उत्तर कॅनडातले. १९२१ ते १९२४ या काळात संशोधक क्नुड रासमुसेन यांनी इग्लुलिक इनुइटांकडून टिपलेली समजूत अशी: सील मिळेनासे झाले की शामन समुद्रतळाशी राहणाऱ्या समुद्रमातेकडे जातो. लोकांनी मोडलेली पथ्ये तिच्या केसांत घाण होऊन गुंतलेली असतात. तिला बोटे नाहीत, त्यामुळे केस विंचरता येत नाहीत. शामन तिचे केस विंचरतो, तिची समजूत काढतो, मग ती प्राणी सोडते. परत आल्यावर जमलेल्या लोकांना कोणी काय मोडले ते कबूल करावे लागते. इथे शामन कोणाचा स्वामी नाही. तो गावाच्या वतीने रदबदली करायला गेलेला माणूस आहे.

स्वामी आणि मध्यस्थ ही दोन्ही रूपे पुढे खेळांत उतरली. मधला दुवा पुस्तकांचा. धर्मांचे अभ्यासक मिर्चा एलियादे यांचा शामनविद्येवरचा फ्रेंच ग्रंथ १९५१चा, त्याचे इंग्रजी भाषांतर १९६४चे. त्यानंतरच्या दशकात अमेरिकेत या विषयाची लाटच आली, आणि रोलप्लेइंग गेम जन्माला आले ते याच काळात.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४चा. त्याच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीत, १९७९च्या गेममास्टरच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) पुस्तकात, ऑर्क, गोब्लिन अशा काल्पनिक जमातींच्या टोळ्यांना शामन मिळाले. पण ते पुजाऱ्याची खालच्या पातळीवर अडवून ठेवलेली नक्कल होते. मंत्र तेच, आत्मे कुठेच नाहीत. ‘रानटी’ टोळीचा पुजारी म्हणजे शामन, एवढीच समज त्यामागे होती. ती समज मला आजही खटकते.

खरे वळण त्याच्या एक वर्ष आधी, १९७८मध्ये, ‘रूनक्वेस्ट’ने घेतले होते. नियम मुख्यतः स्टीव्ह पेरिन आणि सहकाऱ्यांचे, ग्लोरांथा हे जग ग्रेग स्टॅफर्ड यांचे. स्टॅफर्ड पुराणकथांचे अभ्यासक होते आणि शामन परंपरेकडे साधक म्हणूनही वळले होते. या खेळात प्रत्येक पात्राच्या आत्मबळाला आकडा असतो, आणि आत्म्याशी गाठ पडली की दोघांचे आकडे भिडतात. बरोबरी असेल तर यशाची शक्यता ५० टक्के, पुढे प्रत्येक गुणाच्या फरकाला ५ टक्के कमीजास्त. तुमचे १५ आणि आत्म्याचे १२ असेल तर ६५. हरलात तर आत्मा तुमच्या अंगात ठाण मांडू शकतो. जिंकलात आणि योग्य मंत्र हाताशी असेल तर त्याला बांधून ठेवता येते. रोगसुद्धा इथे आत्मेच, त्यामुळे उपचार म्हणजेही झुंज.

१९८४च्या तिसऱ्या आवृत्तीत एक सुंदर कल्पना ठळक झाली. शामनचे शरीर मागे पडून तो आत्म्यांच्या लोकात गेला की त्या शरीराची राखण करायला त्याचा एक जोडीदार आत्मा असतो. त्या जोडीदाराला वाढवायचे तर स्वतःचे आत्मबळ कायमचे द्यावे लागते. किंमत नियमात आली. पण बाकीचा व्यवहार कुस्तीचाच राहिला, म्हणजे शिरोकोगोरोव्ह यांच्या स्वामीच्या जवळचा.

१९८९च्या ‘शॅडोरन’ने कुस्तीच्या जागी करार आणला. भविष्यातले सिएटल, महाकाय कंपन्या आणि त्यात जादू. अभ्यासू जादूगार महागडे साहित्य आणून, तासन्‌तास विधी करून पृथ्वी, पाणी, अग्नी आणि वायू या चार महाभूतांचे आत्मे आधीच बांधून ठेवतो. शामनला साहित्य लागत नाही, तो उभ्या जागी हाक मारतो. पण येतो तो त्याच जागेचा आत्मा: रस्त्यावर शहराचा, घरात चुलीचा, रानात रानाचा. फाशांवर जितके यशस्वी आकडे पडतील तितकी कामे तो करणार, आपल्या हद्दीतच करणार, आणि सूर्य उगवला किंवा मावळला की निघून जाणार. हाक मारण्याचा थकवा शामनच्या शरीरावर पडतो तो वेगळाच. जागेला मालक असतो ही जाणीव इतक्या नेमकेपणाने मला दुसऱ्या खेळात दिसली नाही. त्याच खेळाने ‘टोटेम’ हा ओजिब्वे लोकांच्या कुळाच्या नात्यातून आलेला शब्द सरसकट मार्गदर्शक प्राण्यासाठी वापरला. ती उसनवारी मात्र बेफिकीर होती.

‘वेअरवुल्फ: द अपोकॅलिप्स’ (१९९२) करारापुढे नात्यापर्यंत गेला. इथे शक्ती आत्म्यांकडून शिकायची आणि मोबदला म्हणून भेट किंवा काम द्यायचे. या मोबदल्याला खेळात ‘चिमिनेज’ म्हणतात. हा शब्द मध्ययुगीन इंग्लंडमधल्या राजाच्या जंगलातून जाताना द्यायच्या जकातीचा. १२१७च्या वनसनदेत त्याचे नियम आहेत. परक्या मुलखातून जाताना द्यायचे देणे म्हणून तो चपखल बसतो.

सगळा प्रवास एकाच दिशेने झाला नाही. २००९मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या चौथ्या आवृत्तीत शामनला सोबती आत्मा मिळाला. तो रणांगणावर हवा तिथे उभा करता येतो, पण त्याच्याशी बोलणी करावी लागत नाहीत. लढाईचा खेळ म्हणून ते सुटसुटीत आहे. शामन म्हणून ते मला रिकामे वाटते.

२०१८मध्ये ‘रूनक्वेस्ट’ पुन्हा ग्लोरांथाच्या नावासह आला. त्यात शामनच्या खास सामर्थ्यांसोबत पथ्येही येतात, जन्मभर पाळायची. फाशांनी जिंकलेले सामर्थ्यही मग रोजच्या वागण्यातून फेडावे लागते, आणि इग्लुलिकच्या समुद्रमातेच्या केसांत गुंतली होती तीही पथ्येच. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ग्रेग स्टॅफर्ड वारले.