कॅराव्हॅन आणि ती ओढणारी गाडी : वजन व शक्ती यांचा मेळ

मोटारीमागे जोडून नेण्याच्या चाकांवरच्या घरासाठी, म्हणजे कॅराव्हॅनसाठी, योग्य गाडी ठरविण्याची पद्धत. कॅराव्हॅनचे भरलेले वजन, गाडीचे स्वतःचे वजन आणि एंजिनाची शक्ती व टॉर्क (चाके फिरविण्याचा जोर) यांचा त्यात विचार होतो. ही पद्धत मुख्यतः ब्रिटनमध्ये रुळली. तेथील कॅराव्हॅन क्लब (स्थापना 1907) व कॅराव्हॅन उद्योगाची संघटना यांच्या शिफारशीनुसार प्रवासाच्या वेळचे कॅराव्हॅनचे वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या आत असावे. मुरलेल्या चालकांना 100 टक्क्यांपर्यंत सवलत दिली जाते. ही शिफारस आहे, कायदा नव्हे. कायदा गाडीच्या उत्पादकाने ठरविलेली ओढमर्यादा आणि वाहनावरील पट्टीवर कोरलेली कमाल वजने पाहतो.

इतिहास : घोड्यांच्या काळात हा प्रश्न घोड्यांची संख्या वाढवून सुटत असे. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांच्यासाठी 1885 मध्ये ब्रिस्टलमध्ये बांधलेली ‘वाँडरर’ ही केवळ सहलीसाठी केलेली पहिली कॅराव्हॅन मानली जाते. तिचे वजन सुमारे दोन टन होते आणि तिला दोन घोडे जुंपत. मोटारीने ओढलेली पहिली कॅराव्हॅन कोणती, याबद्दल एकमत नाही. बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीकडे (1919) हा मान सहसा जातो. पण 1914 च्या सुमारास त्याच शहरात लँचेस्टर मोटारीमागे एक कॅराव्हॅन जोडली गेल्याचेही सांगितले जाते. एकल्सचा दावा विक्रीसाठी सातत्याने केलेल्या उत्पादनापुरता घेतल्यास दोन्ही विधाने एकत्र नांदू शकतात. टक्केवारीचा नियम बराच नंतरचा, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला दिसतो. तोवर मध्यम वर्गाच्या मोटारीमागे कॅराव्हॅन सर्रास दिसू लागल्या होत्या.

रिकाम्या वजनाचा घोळ : नियम सोपा वाटतो, पण गाडीचे ‘रिकामे’ वजन म्हणजे काय याची व्याख्या एक नाही. जुन्या ब्रिटिश व्याख्येत टाकी भरलेली असते, चालक धरलेला नसतो. युरोपीय व्याख्येत टाकी 90 टक्के भरलेली आणि 75 किग्रॅ. चालकासाठी धरलेले असतात. चालकाचे 75 किग्रॅ. धरून 1,500 किग्रॅ. सांगितलेल्या गाडीमागे 85 टक्क्यांनी 1,275 किग्रॅ.ची कॅराव्हॅन चालते. तेच 75 किग्रॅ. वजा केले तर मर्यादा 1,211 वर येते. हा 64 किग्रॅ.चा फरक किरकोळ नाही. बाहेर लावायचा तंबू, गॅसची टाकी, बॅटरी आणि खुर्च्या मिळून एवढे वजन सहज भरते. पाण्याचे 40 लिटरचे पिंप भरूनच निघण्याची सवय असेल, तर आणखी 40 किग्रॅ. वाढले. त्यामुळे माहितीपत्रकातील आकड्यांपेक्षा भरलेली कॅराव्हॅन वजनकाट्यावर नेणे अधिक भरवशाचे.

शक्ती : गाडीची शक्ती किती असावी हे मात्र टक्केवारी सांगत नाही. माणसे व सामानासह 1,600 किग्रॅ.ची गाडी आणि 1,400 किग्रॅ.ची कॅराव्हॅन ताशी 80 किमी. वेगाने 6 टक्के चढ चढत आहे असे धरू. नुसते वजन वर नेण्यास सुमारे 39 किलोवॉट लागतात, टायरांच्या रोधाला 8 आणि कॅराव्हॅनचे तोंड उंच व रुंद असल्यामुळे हवेच्या रोधाला साधारण 16. बेरीज 63 किलोवॉट, म्हणजे प्रत्यक्ष चाकांपाशी 85 अश्वशक्ती. आल्प्ससारख्या उंच भागात टर्बो (हवा दाबून भरणारे यंत्र) नसलेले एंजिन दर 1,000 मी. उंचीला साधारण दहा टक्के शक्ती गमावते, हेही हिशेबात धरावे लागते.

चढावर थांबून पुन्हा निघताना खरी कसोटी टॉर्कची असते. युरोपीय संघाच्या 2012 च्या नियमानुसार गाडीने कमाल वजनाच्या जोडणीसह (गाडी व कॅराव्हॅन मिळून) 12 टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा सुटले पाहिजे. उत्पादकाच्या ओढमर्यादेमागे ही चाचणी असते. तिच्यात पहिला बळी सहसा क्लचचा जातो. एंजिनाच्या कमी फेऱ्यांवर भरपूर टॉर्क देणारी डिझेल गाडी कॅराव्हॅनवाल्यांची अनेक वर्षे लाडकी राहिली, ती याच कारणाने. उत्तर यॉर्कशरमधील सटन बँकचा चढ 25 टक्क्यांपर्यंत, म्हणजे चाचणीच्या दुपटीहून तीव्र आहे; त्या घाटात कॅराव्हॅनला बंदीच आहे.

स्थैर्य : 85 टक्क्यांचा नियम मुळात ओढण्यासाठी नाही, आवरण्यासाठी आहे. उतारावर, आडव्या वाऱ्यात किंवा बाजूने मोठा ट्रक जाताना कॅराव्हॅन डावी-उजवीकडे झोके घेऊ लागते. ती गाडीच्या मानाने जड असेल, तर गाडीलाच झुलवते. असे झाल्यास ॲक्सिलरेटरवरून पाय उचलावा, स्टीअरिंग सरळ धरावे, करकचून ब्रेक दाबू नये. मात्र वजनाचे गुणोत्तर हेच स्थैर्याचे मुख्य कारण आहे का, यावर मतभेद आहेत. क्लबच्या साहित्यात गुणोत्तराला अग्रस्थान असते. बाथ विद्यापीठातील संशोधकांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सामान चाकांच्या आसापासून किती दूर विखुरले आहे, आस कोठे आहे आणि गाडीशी असलेल्या जोडावर किती उभा भार पडतो, या गोष्टी अधिक प्रभावी ठरल्या. हे मत जास्त पटणारे आहे. मागच्या कपाटात जड सामान कोंबलेली कॅराव्हॅन 80 टक्के गुणोत्तरातही बेभरवशाची असते. जोडावरचा भार कॅराव्हॅनच्या वजनाच्या 5 ते 7 टक्के ठेवावा, असे ब्रिटनमध्ये सांगतात.

इतर देश : जर्मनीत गुणोत्तराला कायद्याचे बळ आहे. तेथे कॅराव्हॅनसह वेगमर्यादा एरवी ताशी 80 किमी.; 100 ची परवानगी हवी असल्यास शॉक ॲब्सॉर्बर असलेल्या कॅराव्हॅनसाठी गुणोत्तर 0.8 पर्यंत आणि झोके रोखणारे साधन असल्यास 1.0 पर्यंत चालते. टायर सहा वर्षांपेक्षा जुने नसावेत, अशीही अट आहे. अमेरिकेत गुणोत्तराऐवजी एकूण जोडणीच्या वजनावर भर असून ॲरिझोनातील डेव्हिस डॅमजवळचा सुमारे 18 किमी.चा चढ, एसी पूर्ण चालू ठेवून, ठरावीक वेगाच्या खाली न येता चढण्याची चाचणी प्रमाण मानली जाते.

विद्युत गाड्यांनी हा हिशेब उलटा केला आहे. बॅटरीमुळे गाडीचे वजन वाढते, म्हणून गुणोत्तर चांगले दिसते. पण उत्पादकाची ओढमर्यादा त्या मानाने कमी असू शकते. टेस्ला मॉडेल वाय सुमारे 2,000 किग्रॅ.ची आहे. 85 टक्क्यांनी 1,700 किग्रॅ. येतात, मर्यादा मात्र 1,600. अशा वेळी लहान आकडाच धरायचा. कॅराव्हॅन जोडल्यावर एका चार्जमधले अंतर निम्म्यावर येते, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

भारतात मोटारीमागे कॅराव्हॅन ओढण्याचा प्रघात तुरळक आहे. महाराष्ट्र शासनाच्या 2021 च्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणात एक व दोन आसांच्या ओढायच्या कॅराव्हॅनचा समावेश आहे. व्यवहारात मात्र व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली, स्वतःच्या एंजिनाची वाहनेच अधिक दिसतात.