‘सोंगप्ये’ची चाल चिनी नाही

‘सोंगप्ये’ म्हणजे निरोप. हे चीनमधलं जुनं शाळागीत. जुनी वाट, वाटेवरचा मंडप, क्षितिजापर्यंत गवत. शब्द इतके अस्सल चिनी, की चालही तिथलीच लोकधून असणार किंवा गीत लिहिणारे चिनी कलाशिक्षक ली शुतोंग यांनीच बांधली असणार, असं आजही सर्रास सांगितलं जातं. तसं नाही. शब्द ली यांचे, साधारण १९१५चे. चाल मात्र अमेरिकन जॉन ऑर्डवे यांची, घर आणि आई आठवणाऱ्या गाण्याची. १९०७ साली इंदो क्यूकेई यांनी तिच्यावर जपानी शब्द बसवले. ली तेव्हा तोक्योत शिकत होते! चीनमध्ये पोचेपर्यंत मूळ चालीतली बारीक मुरकी गळाली. पोरांना गायला सोपं झालं. उसनी चाल, आपले शब्द: तिकडच्या त्या काळातल्या कितीतरी शाळागीतांची हीच रीत.